बर्गंडीचा एक घोट

"ओल्या मातीचा वास येतोय. आणि मागून चेरी!" श्यामसुंदर पेल्यात नाक खुपसून फोनवर सांगत होते. "तुम्हाला आली का चेरी, शर्मिला?"

फोन स्पीकरवर होता. पलीकडून बाई खळखळून हसल्या. नीरजाने हातातली गवार जरा जोरातच मोडली. गेल्या आठवड्यापर्यंत त्या 'शर्मिलाबाई' होत्या. त्यातली 'बाई' कधी गळून पडली कोण जाणे.

तक्रार तरी कुणाकडे करायची? फ्रान्समध्ये नोकरीला असलेल्या सलिलने वडील निवृत्त झाल्यावर कोरेगाव पार्कातल्या वाइनच्या क्लासचे पैसे भरले होते, तेही आई-बाबा दोघांसाठी. पुढच्या वर्षी इकडे या, बर्गंडीतले द्राक्षमळे मिळून बघू, म्हणाला. "मला नाही ती थेरं करायची," असं नीरजाच म्हणाली होती. मग भरलेली जागा वाया कशाला घालवायची म्हणून श्यामसुंदरांनी बँकेतल्या जुन्या सहकारी शर्मिला यांना विचारलं. नीरजाने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि आता ओरडायचीही सोय नव्हती.

फोन ठेवून श्यामसुंदर स्वयंपाकघरात आले. "अगं, गंमत बघ. बर्गंडीत लाल वाइनचं द्राक्ष सगळीकडे एकच, पण गाव बदललं की चव बदलते. गाव कशाला, नुसता बांध ओलांडला तरी बदलते! आणि एकेका तुकड्याचे वीस-वीस मालक."

"आपल्याकडे बांधावरून डोकी फुटतात," नीरजा म्हणाली. "तिकडे चवीवर भागतं म्हणायचं."

श्यामसुंदर मनापासून हसले. "वा! हे शर्मिलाला सांगायला हवं."

नीरजाच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर तिने केलेली आमटी या माणसाने "मीठ बेताचं आहे" यापलीकडे कधी चाखली नव्हती. ते एक वेळ चाललं असतं. पण आता तिचा विनोदसुद्धा त्या बाईच्या घरी पोचता होणार होता.

पुढच्या शनिवारी संकष्टी आली. दुपारी श्यामसुंदर इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, तेव्हा तिने दारातच आठवण केली. "आज चतुर्थी आहे."

"लक्षात आहे गं. तिथे पितंय कोण? तोंडात घोळवायची आणि थुंकायची. चूळ भरल्याने कधी उपास मोडतो का?"

"मला काय विचारता? ज्याचा उपास त्याला विचारा."

"चंद्रोदयाच्या आत घरात असेन," ते म्हणाले आणि स्कूटर काढली.

लग्नानंतरच्या पहिल्या संकष्टीपासून दोघांचा नेम होता. चंद्र बघायचा आणि मगच एका वेळी पहिला घास घ्यायचा. श्यामसुंदरांची बदली लातूरला झाली, तेव्हाही ते तिकडून फोन करत आणि मग दोघं आपापल्या गावी जेवायला बसत. देवावर दोघांचाही बेताचाच विश्वास होता. पण महिन्यातली ती एक भूक दोघांची मिळून असे, आणि नीरजाला तेवढं पुरत असे.

श्यामसुंदर खरंच वेळेत आले. नीरजाच्या जिवात जीव आला. मोदक उकडून झाले होते. तिने दोन ताटं घेतली आणि खेळीमेळीने विचारलं, "मग? काय काय थुंकून आलात आज?"

ते मोजे काढत होते, ते काढतच राहिले.

"शेवटी एक फार जुनी बाटली उघडली," ते म्हणाले. "सलिलच्याच वयाची असेल. मी पेला उचलला, तर शर्मिला म्हणाली, ही थुंकलीत तर पाप लागेल."

"मग?"

"एकच घोट, नीरजा. अगदी एवढासा."

वाइन प्यायले याचं तिला काही नव्हतं. देव काय, त्याने मनावरही घेतलं नसतं. पण एवढ्या वर्षांत जो घास तिच्याआधी कधी घेतला नाही, तो त्या बाईच्या एका शब्दावर घेतला होता. नीरजाला ते इतकं झोंबलं की मोदकांच्या वाफेनेच डोळ्यांत पाणी आलं असं तिने स्वतःला सांगितलं.

"चुकलं का गं माझं?"

"छे. तुमचा उपास सुटला, एवढंच." तिने एकच ताट वाढलं, मोदकावर तूप सोडलं आणि पाट मांडला. "बसा तुम्ही. गार होईल."

"आणि तू?"

"मला अजून चंद्र बघायचाय."

ती गच्चीवर गेली. समोरच्या इमारतीच्या टाकीवर चंद्र चांगला हातभर वर आला होता. त्याचा उजेड तिच्या हातांवर पडला होता. खाली ताटाचा आवाज येत नव्हता, म्हणजे श्यामसुंदरांनी अजून हात लावला नव्हता.

"नीरजा," जिन्यातून हाक आली. "उगवला का गं चंद्र?"

ती चंद्राकडे बघतच उभी राहिली.

"नाही अजून," ती म्हणाली.