डावऱ्या हाताची कात्री

मित्रांनो, मी जुनी आहे, पोलादाची आहे आणि डावरी आहे. पहिल्या दोन गोष्टी कुणालाही दिसतात. तिसरी कळायला मला हातात घ्यावे लागते, आणि माझी सगळी कहाणी त्या तिसऱ्या गोष्टीची आहे.

ज्याने मला घडवून घेतले तो तेव्हा कोवळा शिंपी होता. उस्तादाच्या हाताखाली शिकताना त्याने पुष्कळ बोलणी खाल्ली होती, कारण तो डावखुरा आणि दुकानातल्या साऱ्या कात्र्या उजव्या हाताच्या. कात्रीचे कोणते पाते वर आणि कोणते खाली, हे हात पाहून ठरते. हात जुळला की बोटांचा दाब पात्यांना एकमेकांकडे ओढतो. हात परका असला की तोच दाब त्यांना दूर लोटतो, आणि मधले कापड न कापता मुडपून फटीत जाऊन बसते. शेवटी तो कात्र्या घडवणाऱ्या लोहाराकडे गेला आणि सगळे उलटे करून मागितले. लोहाराने ऐरणीवरून मान वर केली.

"आख्खं जग उजवं, आणि तू एकटाच डावा निघालास?"

"कापड सरळच कापीन," तो म्हणाला.

अशी मी जन्मले. आगीचे मला आता फारसे आठवत नाही. त्यानंतर पाण्यात बुडताना अंगातून उठलेला तो दीर्घ सुस्कारा मात्र आठवतो. मग वर्षानुवर्षे एकच सुख: लांब टेबलावर पसरलेले कापड, त्यावर खडूची पुसट रेघ, आणि त्या रेघेवरून माझे सावकाश चालत जाणे. मागे कापडाचे दोन किनारे वेगळे होत, तेव्हा कुणी कानात काही सांगावे तसा आवाज येई. गिऱ्हाइके त्याला मास्तर म्हणू लागली. त्याची बायको शेजारी बसून काजे करी, आणि दोन मुले टेबलाखालच्या चिंध्यांत खेळत वाढली. मला हात लावायची त्यांना सक्त मनाई होती. कागद कापला की माझी धार जाते, आणि मुलांना तर कागदच कापायचे असत.

मुले मोठी झाली. थोरला एका कचेरीत लागला, धाकटी लग्नानंतर दूरच्या शहरात शिकवू लागली. काजे करणारी एक दिवस गेली. मास्तर थोरल्याच्या घरी राहू लागले, पण सकाळी दुकान उघडणे त्यांनी सोडले नाही. बोटे दुखत, ती चोळत ते कापत राहिले.

एका सुट्टीच्या दिवशी थोरला मदतीला दुकानात आला. त्याने अस्तराच्या तुकड्यावर मला चालवून पाहिले. त्याच्या उजव्या हातात मी कापणार कशी? कापड मुडपले. तो कळवळला. असल्या बोथट कात्रीने बाबा इतकी वर्षे काम करतात, म्हणूनच त्यांची बोटे दुखतात, असे त्याला वाटले. बाप डावखुरा आहे हे त्याला जन्मापासून ठाऊक होते. कात्रीलाही हात असतो, हे मात्र त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

मास्तरांच्या वाढदिवसाला त्याने एक झगझगीत, महागडी कात्री आणली. आणि माझा मान म्हणून मला काचेच्या चौकटीत बसवून दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगले. येणारे-जाणारे चौकटीपुढे थांबत आणि किती छान कल्पना म्हणत. मित्रांनो, माझे एवढे कौतुक आयुष्यात कधी झाले नव्हते, आणि इतकी निरुपयोगीही मी कधी नव्हते. काचेआड मला काम नव्हते, तेल नव्हते. जोडाच्या खिळ्यापाशी गंजाचा एक बारीक तांबडा डाग फुलत गेला. जेवताना मास्तरांची नजर माझ्यावर येऊन थबके. नवी कशी चालते, असे थोरला विचारी. "झकास," ते म्हणत आणि पुन्हा ताटात बघत.

मग बातम्या येऊ लागल्या. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही वाकडी कापली गेली. दुसऱ्याचे भारी कापड वाया गेले. बाबांचा हात गेला, असे थोरला फोनवर बहिणीला सांगत होता. दुकान शेजारच्या केशकर्तनवाल्याला देऊन टाकायचे, असे त्याच्या मनाने घेतले. मास्तरांनी वाद घातला नाही. ते फक्त दिवसेंदिवस लहान होत गेले. काम गेल्यावर उरणारे दिवस ते जणू आधीच अंगावर घालून बघत होते.

धाकटी आली ती बाबांची समजूत काढायला. पण येताना स्वतःच्या कोटासाठी निळे लोकरी कापड घेऊन आली. दुकान बंद व्हायच्या आधी बाबांच्या हातचा एक कोट हवा, म्हणाली. मास्तरांनी ते जेवणाच्या टेबलावर पसरले, तळहाताने सारखे केले, खडूने रेघ ओढली. रेघ जराही हलली नाही. मग नवी कात्री त्यांनी मुलीपुढे सरकवली.

"तू काप."

जन्मभर दुसऱ्याला कापू न देणारा माणूस हे बोलत होता. धाकटीने कात्री उचलली, डाव्या हातात, कारण ती बापावर गेली होती. कापड मुडपले.

"दादा, ही चालत नाही."

"नवी कोरी आहे. तुलाच कधी कात्री जमली नाही." त्याने तिच्या हातातून घेतली आणि टोकाचा काप सरळ उतरवून दाखवला. तिने पुन्हा घेतली, पुन्हा मुडपले. ती आपल्या हाताकडे बघत राहिली, मग बापाच्या हाताकडे, मग वर माझ्याकडे. खुर्चीवर चढून तिने चौकट उतरवली, मागचे खिळे उचकटले आणि मला बापाच्या डाव्या हातात ठेवले.

त्यांनी तेलाचा थेंब मागितला. पहिल्या कापाला मी अडखळले. दुसऱ्याला मी वाटेला लागले. रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही दोघे कुठेही न थांबता गेलो.

"बाबा, बोलला का नाहीत?" थोरल्याने विचारले.

"काय बोलू? किती हौसेनं आणलीस तू. कात्री चांगलीच आहे रे. हात माझा वेगळा."

"आणि मी तुमचं दुकान बंद करायला निघालो होतो."

"अजून केलं नाहीस ना? मग ते टोक धर. कापड घसरतंय."

थोरल्याने टोक धरले. केशकर्तनवाल्याला त्याने दुसऱ्या दिवशी नकार कळवला. आता मास्तर दुपारपर्यंतच दुकानात बसतात. बोटे अजून दुखतात, डोळे लवकर थकतात. वय काही माझ्यामुळे मागे फिरलेले नाही. पण बाह्या सरळ उतरतात, आणि मी रोज कापडाच्या सहवासात असते. माझ्यासारखीला याहून अधिक काय हवे?

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. जुन्या वस्तूंना भिंतीवर चढवण्याआधी त्यांच्याकडे काही काम उरले आहे का, ते विचारा. आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांना भेट जरूर द्या, पण त्याआधी त्यांचा हात घटकाभर आपल्या हातात घ्या. घट्टे कुठे पडले आहेत, ते बोटांनी चाचपून बघा. ते स्वतःहून सांगणार नाहीत.