आता खोललंच आहे तर

नडीनने फक्त पुढचे ब्रेक मागितले होते. पुढचे ब्रेक आणि इंजिनाचं ऑइल, बस्स. शनिवारी सकाळी आठला नवऱ्याच्या हातात कॉफी देताना तिने त्याच्या नाकासमोर दोन बोटं नाचवून बजावलं होतं, "लेलंड, दोन कामं. तिसरं नाही."

"दोनच," लेलंड म्हणाला. "दहापर्यंत उरकतो बघ."

साडेबाराला ती सँडविचं घेऊन गॅरेजमध्ये गेली, तर गाडीला एकही चाक नाही. चार लोखंडी स्टँडवर गाडी अधांतरी उभी, खालून लेलंडचे बूट बाहेर आलेले, आणि शेजारचा मर्ल हातभर लांबीची एक कोरी करकरीत स्प्रिंग कवटाळून बाजूला उभा.

"हे काय चाललंय?"

"आता खोललंच आहे तर," बूट म्हणाले, "स्प्रिंगाही बदलून टाकू म्हटलं."

आता खोललंच आहे तर! ह्या चार शब्दांनी आयडाहोच्या त्या गावात जेवढ्या बायकांचं डोकं फिरवलं असेल तेवढं दारूनेही फिरवलं नसेल. मर्लचंच घ्या. दोन वर्षांपूर्वी त्याने आपल्या पिकअपचा एक मागचा दिवा बदलायला घेतला. आज ती पिकअप अंगणात सात खोक्यांत पडून आहे आणि मर्ल सायकलवर फिरतो. असा माणूस सल्ला द्यायला लाभल्यावर आणखी काय होणार?

एरवी नडीनने सँडविचं ठेवून काढता पाय घेतला असता. लेलंडचे शनिवार-रविवार ह्या गाडीखालीच जातात, हे तिने लग्नानंतर वर्षभरातच मान्य करून टाकलं होतं. पण उद्याचा रविवार तिचा होता.

गावामागच्या डोंगररांगेत लोन हॉर्न नावाचं शिखर आहे. त्यावर वनखात्याची टेहळणीची खोली. चारी बाजूंनी काचा, एक खाट, एक शेगडी, एक वायरलेस. उन्हाळ्याचे चार महिने तिथे एकट्याने राहायचं आणि जंगलात कुठे धूर दिसतोय का ते बघत बसायचं. ह्या कामासाठी नडीनने अकरा वर्षांपूर्वी नाव नोंदवलं होतं. तेव्हा ती शाळेची बस चालवायची. तीस वर्षं पोरांचा कल्ला, मारामाऱ्या आणि ओकाऱ्या पाठीमागे घेऊन ती फिरली, आणि तीस वर्षं तिला एकच गोष्ट हवी होती, मागून कुणी ओरडणार नाही अशी बसायची जागा. ह्या वर्षी तिचा नंबर लागला. रविवारी दुपारी बारा ते एक वनरक्षक डोंगराखालचं फाटक उघडून थांबणार होता. एकपर्यंत नाही पोचलं, तर यादीतल्या पुढच्या माणसाला फोन जाणार.

घरातली दुसरी कार वरच्या दगडधोंड्यांत पहिल्याच मैलाला बसली असती. शिवाय आपली गाडी चारही महिने वर हाताशी ठेवायची असा नियम, तेव्हा उसनी तरी कोण देणार? जायचं तर ह्याच तेहतीस वर्षांच्या गाडीतून, जिला लेलंड लाडाने म्हातारी म्हणायचा.

"मला उद्या निघायचंय, लेलंड. उद्या!"

"अगं, निघशील ना. तुझ्यासाठीच चाललंय. जुन्या स्प्रिंगांवर त्या दगडांत तुझं कंबरडं मोडेल."

"माझं कंबरडं माझं मी बघेन!"

"नडीनबाई, स्प्रिंग बघा तरी," मर्ल म्हणाला. "चार इंच उंच होईल गाडी. चार!"

"मर्ल, तू घरी जा बरं."

मर्ल गेला नाही. तो कधीच जात नसे. तीनला ती पुन्हा डोकावली तेव्हा स्प्रिंगा चढल्या होत्या आणि दोघं मागे सरून, मान वाकडी करून गाडीकडे बघत होते.

"आता चाकं बारकी दिसतायत," मर्ल म्हणाला.

"दिसतायत खरी," लेलंड म्हणाला.

झालं! मोठी चाकं लेलंडने हिवाळ्यातच आणून मागच्या शेडमध्ये लपवून ठेवली होती. संध्याकाळी ती लागली, आणि जुनी चारही चाकं लेलंडने फोन करून कुणाला तरी देऊन टाकली. एवढ्या तातडीने त्या माणसाने आजवर घरातला कचरासुद्धा बाहेर काढला नव्हता. वर आणखी टपावर सामानाचा लोखंडी सांगाडा बसला. नडीनने हात टेकले. ब्रेक झालेत का, एवढंच विचारलं. झाले होते. ऑइलही बदललं होतं. मग ती आत जाऊन पिठाच्या आणि बटाट्याच्या पिशव्या बांधत बसली.

रविवारी सकाळी आठला गॅरेजचं दार वर गेलं. नडीन स्टीअरिंगमागे बसली, गाडी रिव्हर्समध्ये टाकली, आणि मागून मर्लने बोंब ठोकली.

"थांबा! थांबा! थांबा!"

टपावरचा सांगाडा दाराच्या वरच्या तुळईवर जाऊन टेकला होता. गॅरेज लेलंडच्या वडिलांनी बांधलेलं. त्या वेळच्या गाड्या बुटक्या आणि ते स्वतःही बुटके. गाडी आतल्या आत सहा इंच वाढवून ठेवली होती, आणि दार होतं तेवढंच होतं.

नडीनने कपाळाला हात लावला. तीस वर्षं तिने बस पुलांखालून, झाडांखालून काढली होती, कधी ओरखडा नाही. आणि कालपासून चार वेळा ह्या दारात उभी राहूनही तिच्या एकदा डोक्यात येऊ नये! स्वतःचाच तिला इतका संताप आला की तिने स्टीअरिंगवर दोन गुद्दे हाणले.

सांगाडा काढला. तरी टप दोन इंच वर. जुन्या स्प्रिंगा परत चढवायच्या तर संध्याकाळ होणार, आणि जुनी चाकं तर गावातच राहिली नव्हती.

"हवा सोडा," नडीन म्हणाली. "चारही चाकांतली."

पावणेनऊ झाले होते. मर्ल आणि ती एकेका चाकाशी बसले. हवा फुसफुसत निघाली तसा मर्ल पुटपुटला, "मी म्हणालो होतो त्याला, आधी दार मोज. तर म्हणतो, मोजलंय."

नडीनचा हात तसाच राहिला. "कधी म्हणाला?"

मर्लच्या लक्षात आलं की आपण नको ते बोललो. "माझी ती… सायकल बाहेरच राहिलीय," असं म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणी न सांगता निघून गेला.

लेलंड दाराशी खांबाला टेकून उभा होता.

"तू मोजलं होतंस?"

"शुक्रवारी," लेलंड म्हणाला.

"म्हणजे तुला माहीत होतं."

त्याने होकारार्थी मान हलवली. "वाटलं, उद्यापर्यंत अडकेल. मग त्यांनी दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं." मग बराच वेळ तो स्क्रूड्रायव्हरने नखातली घाण काढत राहिला. "चार महिने, नडीन. मी काय करू गं इथे चार महिने? मला नाही राहता येत एकट्याने."

"अकरा वर्षं!" नडीन एवढ्या जोरात ओरडली की समोरच्या बर्निसबाई चर्चला निघालेल्या जागीच थबकल्या. "अकरा वर्षं मी वाट बघतेय आणि तू मला दोन इंचांत कोंडतोस? तोंड नव्हतं तुला? हे तोंडाने सांगता येत होतं, लेलंड! त्याला चार स्प्रिंगा कशाला लागतात?"

"सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

"नाही."

"बघ."

"गेलेच असते. पण रडत गेले असते, मेल्या. आता चिडून जातेय."

हवा सोडूनही बोटभर कमीच पडत होतं. नडीनने पिशव्या, डबे, पाण्याची पिंपं, सगळं आणून गाडीत कोंबलं. गाडी थोडी बसली. अजून एक नख उरलं.

"बस आत," ती म्हणाली.

"मी?"

"मग काय बर्निसबाईंना बसवू? बस, आणि शक्य तितका जड हो."

लेलंड पिठाच्या पिशव्यांवर जाऊन बसला आणि नडीनने तसू-तसू करत गाडी मागे घेतली. टपावरून खर्र आवाज गेला, रंगाचं एक सालपट निघालं, आणि गाडी उजेडात आली. मग लेलंड उतरला आणि पंप लावून चाकं भरू लागला. तीन चाकं पटापट भरली. चौथ्याशी तो इतका वेळ बसला की शेवटी नडीनने पंपाची नळी त्याच्या हातातून ओढून घेतली. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"येऊ का मी ह्याच गाडीतून फाटकापर्यंत?" त्याने विचारलं.

"परत कसा येशील? चालत?"

ती निघाली. आरशात बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं आणि ते तिने पाळलं. पण नदीवरचा पूल ओलांडला आणि तिला रस्ताच दिसेना. गाडी कडेला घ्यावी लागली. वेळ नव्हता, तरी हुंदके आवरेपर्यंत चार मिनिटं गेली. आता बाई, कशाला, आत्ता कशाला, असं ती स्वतःवरच खेकसत होती.

फाटकाशी ती पोचली तेव्हा एकला एक मिनिट कमी होतं, आणि वनरक्षकाने फोन आधीच कानाला लावला होता. तिला बघून त्याने तो खाली घेतला. अडवून ठेवलं ते नडीनने लेलंडला एव्हाना माफ केलंय. रडवलं ती चार मिनिटं मात्र अजून नाही.