शिळेवरचं नाव

वेल्समधल्या स्वान्सीतलं आमचं चॅपल लढाईत बॉम्बने जमीनदोस्त झालं, ते दहा वर्षांनी, एक्कावन्न साली, पुन्हा उभं राहिलं. उभं केलं टेग्वेन प्रोदरोबाईंनी. हॅवर्डसाहेबांच्या वास्तुरचनेच्या कचेरीत मी बाईंच्या हाताखाली नकाशे उतरवून काढायची, म्हणून छातीवर हात ठेवून सांगते.

आमचे पाद्रीबाबा प्रवचन सांगता सांगता सुरात शिरतात. रंगात आले की शब्दच गाऊ लागतात. त्या घटकेला शेवटच्या बाकावरच्या म्हातारीलाही शब्द कळला पाहिजे, नाहीतर देवाचं घर कसलं? नवं चॅपल होईपर्यंत प्रार्थना भाड्याच्या सभागृहात भरायची. बाईंनी सहा रविवार मला तिथे बाकाबाकावर बसवलं. कानावर येईल ते लिहायचं, विरलेल्या शब्दाच्या जागी फुली. चॅपलच्या पंचांना वाटलं, पोरगी किती भाविक! त्या फुल्यांवरून पाद्रीबाबांच्या पाठीमागची तिरपी लाकडी भिंत ठरली, छताची उंची ठरली, बाकांच्या पाठीसुद्धा. हॅवर्डसाहेबांनी फक्त सही केली.

शनिवारी उद्घाटन झालं. प्रवचन असं रंगलं, की मागच्या म्हाताऱ्या सुराबरोबर डोलत होत्या. एक शब्द सांडला नाही. मग इस्लविन पंच उठले. आधी हॅवर्डसाहेबांची आरती ओवाळून झाली, शेवटी म्हणाले, "प्रोदरोबाईंचेही आभार. पडदे फार सुरेख निवडलेत."

"पडदे? इथे पडदे कुठेत?" मी बाईंच्या कानाशी कुजबुजले.

बाईंचं लक्ष नव्हतं. सगळे बाहेर आल्यावर दाराशेजारच्या शिळेवरचं कापड ओढलं गेलं. रचनाकार म्हणून एकच नाव: हॅवर्ड.

"साहेब, माझं नाव?"

"अगं टेग्वेन, कचेरीची रीतच आहे. पुढच्या कामाला बघू."

"पाच वर्षं पुढचंच काम चाललंय!"

इस्लविन पंच मध्ये पडले. "बाई, आजच्या दिवशी तरी राग आवरा. देवाच्या दारी नावाला काय किंमत?"

"खरंय. मग यांचंही पुसा."

कोणीतरी फिसकन हसलं. हॅवर्डसाहेब लाल झाले. पाद्रीबाबा काठी टेकत पुढे आले. "ही पोरगी फुल्या मारायची, तेव्हा मला वाटायचं माझ्या चुका मोजतेय. आज घसा न ताणता शेवटच्या बाकापर्यंत पोचलो. पंच, तुम्ही बोललात ना? आता पाळा."

शिळा कोरणारा ग्रिफ गर्दीतच होता. घरून छिन्नी-हातोडा घेऊन आला. सगळं गाव बघत होतं. एकेक अक्षर उडालं. बाई हात बांधून, भुकटी कोटावर घेत, शेवटच्या अक्षरापर्यंत उभ्या राहिल्या.

"झालं समाधान?" इस्लविन पंचांनी विचारलं.

"नाही. आता माझं कोरा."

ग्रिफने पंचांकडे पाहिलं. पंच जमिनीकडे बघत राहिले. पाद्रीबाबासुद्धा गप्प झाले, याचा राग मला अजून गिळता आलेला नाही.

बाईंनी ग्रिफच्या हातातला छिन्नी-हातोडा घेतला आणि स्वतःच पहिला घाव घातला.