कांद्याचं वावर

हडपसरला ग्लायडरच्या शर्यतीत मी पहिला आलो, पण हेवा मला आमोदचा वाटला. वर नेणारी गरम हवा न मिळाल्याने तो सासवडजवळ कांद्याच्या वावरात उतरला होता. असं कुणी वाटेत उतरलं की घरचे ट्रेलर घेऊन आणायला जातात. माझ्यासाठी माझी बायको हिरा यायची. ती मार्चमध्ये वारली.

आमोदची बायको स्वराली सॉफ्टवेअर कंपनीतून रजा काढून निघाली. ट्रेलरवर चढवण्याआधी ग्लायडरचे पंख सोडवायला मीही गेलो.

"कांदे तरी निवडलेस का?" तिने त्याला विचारलं. हिरा अस्संच बोलायची. आमोद नुसता हसत होता. मला ते बघवेना.

परतताना मी म्हणालो, "स्वराली, उद्या मी कुठं उतरलो तर येशील?"

"येईन, काका. पण बोलणी खावी लागतील."

"त्यासाठीच विचारतोय."