भोंग्याच्या मापाचे डोके

मी एक जुने लाकडी डोके आहे. मित्रांनो, हा माझा विनय नाही. मी खरोखरच लाकडाचे आहे. आत काही नाही, तोंडही नाही. डोळे-कान तेवढे आहेत, तेही सुताराने हौसेने कोरले म्हणून.

माझी मालकीण शिंपीणबाई. तिच्या नवऱ्याला सगळे भोंगा म्हणत. सणाला दारोदार गाणाऱ्या मंडळीत सर्वांत जाड, खालचा आवाज त्याचा. डोकेही आवाजाला शोभेल असेच. कुठलीच टोपी बसेना, तेव्हा सुताराने त्याच्या डोक्याभोवती दोरी गुंडाळून माप घेतले आणि मला कोरले. आम्हाला शेजारी ठेवले की लोक विचारत, "यातला गातो कोण?"

दर हिवाळ्यात बाई मंडळीच्या टोप्या शिवायची. लाल कापडाचे दोन त्रिकोण, खाली पांढरी पट्टी, शेंड्याला कापसाचा गोंडा. प्रत्येक टोपी आधी माझ्यावर चढवायची, मग मागे दोन बोटांची चूण घालायची, म्हणजे ती साध्या माणसाला बसे. भोंग्याच्या टोपीला मात्र चूण नसे. "बाकीची डोकी म्हणजे नुसती लिंबं," बाई म्हणायची. मला अभिमान वाटे.

मग एका वर्षी थंडीच्या तोंडावर भोंगा खोकू लागला. आधी वरचे सूर गेले, ते त्याच्याकडे नव्हतेच. मग खालचे गेले. मग तो गेला.

कोट भावाने नेला, बूट मेहुण्याने. डोके कुणालाच नको होते. नणंद म्हणाली, "वहिनी, हे आता चुलीत घाल. तेवढीच ऊब."

"टोप्या व्हायच्यात अजून," बाई म्हणाली. म्हणजे माझे आयुष्य टोप्यांएवढे उरले.

मंडळीचा म्होरक्या पोस्टमन. तो कापड घेऊन आला आणि उंबऱ्याबाहेरच घुटमळला. "वहिनी, यंदा एक टोपी कमी."

"कळतं मला. आणि माझ्या दारात गाणं नको. त्याची ओळ आली की तुम्ही सगळे गप्प होणार, आणि मी ते ऐकत बसणार. जमायचं नाही."

"नाही येणार. शब्द देतो."

बाईने एकेक टोपी माझ्यावर चढवली, कपाळावरून हात फिरवला आणि उतरवून ठेवली. चूण एकीलाही नाही. मुद्दाम, की हात विसरला, ठाऊक नाही. मी ओरडणार होते, पण तोंडाचे वर सांगितलेच आहे.

पुढचे मी नंतर ऐकले. सणाच्या संध्याकाळी चौकात मंडळींनी टोप्या घातल्या, त्या थेट हनुवटीपर्यंत आल्या. वर सरकवल्या की पुन्हा खाली. शेवटी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांग निघाली.

"घाबरू नका," पोस्टमन म्हणाला, "मला सगळी दारं डोळे मिटून ठाऊक आहेत."

"मिटायचे कष्टही वाचले," मागून कुणीतरी म्हणाले.

पण पाय डोक्याचे ऐकत नाहीत. दरवर्षी जिथून सुरुवात होई, तिथेच ते गेले.

मी बाईच्या मांडीवर होते. समोर चूल पेटलेली. दाराबाहेर गाणे सुरू झाले. भोंग्याची ओळ आली आणि सगळे गप्प झाले.

बाई मला काखेत मारून उठली. दार उघडले.

बाहेर भोंग्याच्या टोप्या रांगेने उभ्या होत्या. चेहरा एकीलाही नव्हता. त्यांच्याखाली कुणीही असू शकत होते.

बाईने पहिली टोपी वर केली. पोस्टमन. दुसरी. बेकरीवाला. असे करत ती शेवटच्या टोपीपाशी आली आणि थांबली. हात वर गेलाच नाही.

"वहिनी, मी शाळेतला मास्तर हो," टोपी म्हणाली. "गुदमरतोय."

"माहीत आहे. थोडं थांबा."

मास्तर थांबला. बऱ्याच वेळाने तिने तीही टोपी वर केली. मग पायरीवर बसून, एकेक टोपी माझ्यावर चढवून, ती मागे दोन बोटांची चूण घालू लागली.

त्या रात्री माझ्याऐवजी चुलीत खुर्ची गेली.

मी अजून फळीवर आहे. कपाळाला चीर पडली आहे, मानेत वाळवी शिरली आहे. ती आत काही शोधत असेल, तर तिची निराशा होणार. पण मित्रांनो, घरातले जुने लाकूड चुलीत घालण्याआधी त्यावरून एकदा हात फिरवा. ते कुणाच्या तरी मापाचे असेल, आणि त्या मापाचे घरात दुसरे काही उरले नसेल.