दिवे मालवा

मी एक जुना दिवा आहे. पण मित्रांनो, माझ्या उजेडात तुम्हाला पुस्तकाची एक ओळही वाचता येणार नाही. माझ्या तोंडावर गडद जांभळी काच आहे. बटण दाबलं की मी व्यवस्थित लागतो, पण माझा प्रकाश अतिनील, माणसांच्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. नाव दिवा आणि उजेडाच्या नावाने शंख! कारखान्यात मला खोक्यात भरणारी बाई म्हणालीसुद्धा, "याला कोण घेणार, बाई?" मला ते फार लागलं होतं.

मला घेतलं टंगस्टनच्या एका खाणीने. खाण लहानशी, बोडक्या टेकडीच्या पोटात. फार पूर्वी, पृथ्वीवर माणूसही नव्हता तेव्हा, त्या टेकडीखाली वितळलेला खडक वर सरकला आणि चुनखडीला येऊन भिडला. त्यातून सुटलेलं कढत पाणी भेगाभेगांतून झिरपलं आणि जाता जाता एक खनिज मागे ठेवून गेलं. त्याचं नाव शीलाइट. टंगस्टन त्यातून निघतं. जुन्या बल्बमधली तार टंगस्टनची आणि खडक फोडणाऱ्या ड्रिलचं कडक टोकही त्याचंच. म्हणजे टेकडी पोखरायला टेकडीचंच लेकरू कामाला लावलेलं! शीलाइट दिसायला मात्र साधं, पांढुरकं, शेजारच्या टाकाऊ दगडासारखंच. हातात घेतलं तर जड लागतं, ही त्याची एक खूण. दुसरी खूण मी दाखवतो. अंधारात माझा प्रकाश पडला की ते निळं चमकतं.

मला हाताळायचा मान एकाच माणसाकडे होता. अंधारात काम करतो म्हणून सगळे त्याला 'घुबड' म्हणत, आणि तोही हसून ओ देई. सुरुंग उडून धूळ बसली की घुबड पुढे होऊन ओरडायचा, "दिवे मालवा!" सगळे आपापल्या टोपीवरचे दिवे बंद करत. एरवी एकमेकांची टर उडवणारे ते गडी त्या काळोखात गुपचूप उभे राहत. मग तो माझं बटण दाबे आणि भिंतीवर निळे ठिपके उमलत. कुणीतरी हळूच म्हणे, "आहे रे बाबा, आहे."

ड्रिलचं तेलही माझ्या प्रकाशात निळं दिसतं. म्हणून घुबड आधी अंगठ्याने भिंत पुसून बघे आणि मगच खडूने रेघ ओढे. रेघेच्या आतला दगड गिरणीत दळायला जाई, बाहेरचा टाकून देत. माझा शब्द कुणी मोडत नसे, मित्रांनो. ते दिवस आठवले की अजून भरून येतं.

पुढे खनिजाची शीर बारीक होत गेली. मालकाचा निरोप आला, की नव्या भिंतीत माल दिसला तर ठीक, नाहीतर खाणीला टाळं. घुबडाला एक लहान मुलगी होती, आईवेगळी. ती रोज खाणीच्या तोंडाशी त्याची वाट बघत बसे. "खाण बंद झाली तर आपण कुठे जायचं, बाबा?" तिने विचारलं. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

नव्या भिंतीचा दिवस आला आणि घुबड ओरडला, "दिवे मालवा!" मी लागलो आणि अख्खी भिंत निळी झाली! गड्यांनी एकच गलका केला. घुबडाचा अंगठा मात्र भिंतीकडे गेलाच नाही. एकदा न पुसता रेघ ओढली आणि मग पुढच्या कुठल्याच भिंतीवर पुसून बघायचा त्याला धीर होईना.

गिरणीत दगड दळला जात होता, पण हाती काही लागेना. शेवटी गिरणीवरची बाई खाली आली. तिने फडक्याने भिंत पुसली आणि फडकं माझ्यासमोर धरलं. फडकं निळं! ड्रिलची नळी गळत होती आणि तेल भिंतीवर उडत होतं. घुबडाने मला लगेच विझवलं. पुसलेल्या भिंतीवर काही उरलं होतं का, ते कुणीच पाहिलं नाही.

"या दिव्याने बुडवलं आपल्याला," कुणीतरी म्हणालं.

"दिव्याला नावं ठेवू नका," घुबड म्हणाला. "डोळे माझे होते."

खाणीला टाळं लागलं. जाताना त्याने त्या भिंतीतला एक दगड उचलला, आपली चूक डोळ्यांसमोर राहावी म्हणून. दगड आणि मी एकाच पिशवीत होतो. पिशवी खांद्याला काचत होती, पण त्या दिवशी त्याला सगळंच जड वाटत होतं.

मग दुसरं गाव, गोदामावर राखणदारी. दगड दाराला अटकाव म्हणून ठेवला गेला आणि मी माळ्यावर. मुलगी फरशी पुसताना दगडही पुसून घेई. ती मोठी झाली, तिचे केस पिकले, आणि मी वरून एकटा ऐकत राहिलो. "दिवे मालवा" मात्र पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

परवा घुबड गेला. आज त्याच्या मुलीने घर आवरायला काढलं. तिने माझी काच पुसली, नवे सेल घातले आणि भर दुपारी खिडकीशी उभं राहून बटण दाबलं. मी लागलो, मित्रांनो! अगदी पूर्वीसारखा लागलो. पण तिला काही दिसलं नाही. "बाबांचा जीव होता याच्यावर," ती म्हणाली. "मेला वाटतं हा." बटण बंद करायचंही तिने मनावर घेतलं नाही. भंगाराच्या गोणीत तिने मला ठेवलं. मग दाराशी वाकली. "एवढासा दगड आणि केवढा जड! कशाला आणला असेल बाबांनी?" तोही माझ्याशेजारी आला आणि गोणीचं तोंड बांधलं गेलं.

आत काळोख झाला, आणि दगड निळा झाला. वर्षानुवर्षं पुसलेल्या त्या दगडावर आता तेलाचा थेंबही नव्हता. सगळी भिंत खरी होती असं मी म्हणणार नाही; पण हा एक दगड खरा होता, आणि ते बघायला घुबड नाही.

मित्रांनो, भंगारवाला संध्याकाळी येणार आहे. घुबडाची मुलगी पलीकडच्या खोलीत भांडी बांधते आहे. मला हाक मारता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, कुणालाही मेला म्हणून टाकून देण्याआधी एकदा तुमचे दिवे मालवा आणि बघा. मी अजून लागलेलोच आहे.