विहिरीत उतरणारा टेप

मी एक जुना पोलादी टेप आहे. मित्रांनो, कापड मोजणारा नव्हे, विहिरीतलं पाणी मोजणारा. माझ्या टोकाला शिशाचं वजन आहे. १९८१ साली बद्रीनाथ सर अंबडच्या कॉलेजात लागले, तेव्हा त्यांनी मला जालन्याहून आणलं. ते भूगोल शिकवत. पुढे पर्यावरण हा विषय आला, तोही त्यांनी हौसेने घेतला. सुट्टी लागली की मला झोळीत टाकून ते गावोगावच्या विहिरी मोजत फिरत. लोक हसत, पण चहाही पाजत. दरसाल मला अधिक खोल उतरावं लागे आणि सर अधिक गप्प होत.

त्यांच्या थोरल्या बहिणीचं, साळूबाईंचं, सासर केदारखेड्याला. आई लवकर गेली, म्हणून सरांना वाढवलं त्यांनीच. त्यांची मोसंबीची बाग गावच्या विहिरीला लागून होती. एका उन्हाळ्यात बाग सुकू लागली आणि साळूबाईंनी बोअर घ्यायचं ठरवलं. सरांनी मला विहिरीत सोडलं, वर ओढलं आणि म्हणाले, "आक्का, इथं बोअर घेऊ नको. गावची विहीर आटंल."

"तुझं बराबर असंल, बद्री. पण माझी झाडं डोळ्यापुढं वाळून राह्यली."

बोअर घेतला. पाणी लागलं, बाग तरारली. पुढच्या उन्हाळ्यात मात्र विहीर कोरडी पडली. बायका टँकरची वाट पाहू लागल्या. शेजारच्या मच्छिंद्रने भर पारावर विचारलं, "सर, कालेजात लेकरांना शिकवता. बहिणीला न्हाई सांगितलं का?"

सर पारावरून निघाले. ते सरळ साळूबाईंकडे गेले.

"आक्का, पाऊस पडंपर्यंत बोअरचं पाणी गावाला दे."

"मंग बागंला काय घालू?"

सरांनी झोळी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

ते तिथेच मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी टँकर आलाच नाही. रिकाम्या घागरी घेऊन परतणाऱ्या बायका साळूबाईंनी ओट्यावरून पाहिल्या. त्यांनी स्वतः बोअरचा पाइप ओढत नेला आणि विहिरीत सोडला.

गावाला पाणी मिळालं. मोसंबी जळाली, झाडं सरपणाला गेली. भाऊबीजेला साळूबाईंनी सरांना ओवाळलं, जेवू घातलं. पण बोलल्या नाहीत.

आता सर निवृत्त झाले आहेत. बोअर इतके खोल गेलेत, की माझी लांबी पुरत नाही. मित्रांनो, जमिनीखालचं पाणी दिसत नाही, म्हणून ते आपल्या एकट्याचं वाटतं. ते उपसण्याआधी शेजारच्या विहिरीत एकदा डोकावून बघा. नाहीतर कुणातरी साळूबाईंना आपल्या हाताने आपली बाग वाळवावी लागते.